आप्पांचे बोर्ड आणि आप्पांची निसर्गचित्रं एकाच दालनात लावू का?

गंगावेशकर_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीत मावत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील, म्हणजे आप्पा, कोल्हापुरात गंगावेशीजवळ बोर्ड रंगवायचे. २०१६ साली गेले. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं घरात ठरलं आहे. दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या कलादालनासाठी चार दिवस मागितले आहेत. चित्रं भरपूर आहेत. वाद आहे तो कुठली लावायची याचा.

आप्पांच्या कामाचे दोन ढीग आहेत. पहिला निसर्गचित्रांचा. १९७१ ते २०१५ या काळातली एकशे त्रेचाळीस निसर्गचित्रं ट्रंकेत निघाली. पंचगंगा घाट, ब्रह्मपुरी, रंकाळा, पन्हाळ्याची वाट, प्रयाग चिखली, कळंब्याचा तलाव, गुऱ्हाळं. बहुतेक जलरंगात आणि पोस्टर कलरमध्ये, थोडी तैलरंगात. दुसरा ढीग पोटापाण्याच्या कामाचा. दुकानांच्या पाट्या, कुस्ती मैदानांचे बोर्ड, गुळाच्या पेटीवरची लेबलं, कॅलेंडरची काही मूळ चित्रं आणि थिएटरबाहेरच्या सिनेमाच्या बोर्डांचे फोटो. प्रत्यक्ष बोर्ड राहिलेच नाहीत, कारण एक सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा रंगवायचा.

माझा भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, फक्त निसर्गचित्रं लाव. लोकांनी आप्पांना आयुष्यभर बोर्डवाला म्हणून ओळखलं, आता तरी चित्रकार म्हणून बघू देत. चित्रकलेच्या एका सरांना दाखवलं, त्यांचंही मत तेच पडलं. कमर्शियल काम शेजारी लावलंत तर निसर्गचित्रांकडे कुणी गांभीर्याने बघणार नाही म्हणाले. आई मात्र चिडली. "त्या पाट्यांनी तुमच्या फिया भरल्या. त्या माळ्यावर टाकायच्या आणि नुसती नदीची चित्रं मिरवायची होय?" असं तिचं म्हणणं.

मला स्वतःला आईचं पटतं, पण ते नीट मांडता येत नाही. म्हणून आप्पांची वाटचाल जशी आठवते तशी सांगते.

आप्पांचा जन्म १९४८चा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरकडे ते राहिले. पहिली दोन वर्षं हातात ब्रश नाही. पहाटे चूल पेटवून सरस शिजवायचा, त्यात खडूची पूड कालवायची आणि मांजरपाटावर अस्तर मारायचं. सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना तडकतो, कमी पडला तर रंगाची पूड झडते. हे प्रमाण ते म्हातारपणीसुद्धा बोटांत चोळून सांगायचे. तिथून ते थिएटरच्या बोर्डांवर गेले. सिनेमाच्या छोट्या फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर आखायचे आणि चेहरा घराएवढा करायचा. १९७५ला स्वतःचं दुकान टाकलं. ऐंशीच्या दशकात कॅलेंडरची कामं मिळायला लागली. अंबाबाई, दत्त, शिवाजी महाराज, बैलजोडी. एका छापणाऱ्याने अकरा मूळ चित्रं नेली, ती परत आलीच नाहीत. पैसे मिळाले, पण दिवाळीला कॅलेंडर घरी आलं की आप्पा ते भिंतीवर लावायचे नाहीत. पुढे फ्लेक्स आला. बोर्डाला दोन दिवस लागायचे, फ्लेक्स दोन तासांत हातात. २००५ला दुकान बंद केलं.

या सगळ्या काळात त्यांचा रविवार मात्र कुणाचा नव्हता. पहाटे पाचला सायकल काढायचे. मागे कॅरियरला फळी, डबड्यात पाणी, पिशवीत दोन भाकऱ्या आणि ठेचा. सहावीत असल्यापासून मीही पुढच्या दांडीवर बसून जायची. रंकाळ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की संध्यामठ उघडा पडतो. एकाच जागेवरून तो त्यांनी सहा वर्षांत सहा वेळा काढला आहे. त्यातलं १९८७चं चित्र आत्ता माझ्यासमोर आहे. मठाचे खांब आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब. एका खांबाला वरून खाली एकच हात, दुसरा नाही. प्रतिबिंबालाही एकच, फक्त खाली येताना ब्रश जरा तिरका फिरवून उचलला आहे, तिथे कागद कोरा राहून पाणी चमकतं. तो इंचभराचा चपटा ब्रश अजून घरात आहे. त्याच ब्रशाने ते पाटीवरच्या अक्षरांचे काने ओढायचे.

अजून एक गोष्ट. चांगला कागद परवडायचा नाही, म्हणून बरीचशी चित्रं वाया गेलेल्या कॅलेंडर प्रूफांच्या आणि पोस्टरांच्या पाठीवर काढली आहेत. आणि त्या पाठीवर पेन्सिलीने नोंदी आहेत. "सकाळी ६.४०. धुकं. निळा संपला." "ऊन चढलं, सोडून दिलं." एका ठिकाणी नुसतं, "गूळवाल्याचे १२० यायचे." २०१९च्या पुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा ट्रंकेतली खालची काही चित्रं चिकटली, डागाळली. बाकीची बचावली.

फ्रेमवाल्याला बोलावलं होतं. तो म्हणाला, कागद जुने आहेत, वाकडे झालेत, सगळे हार्डबोर्डवर चिकटवून सपाट करून देतो. परवा दोन नमुन्याला दिली आहेत.

तर विचारायचं असं की दोन्ही ढीग एकत्र लावावेत का? आणि लावायचे तर कसे? इथे कुणी या कामातलं असेल तर जरूर लिहा.

---

पेठेतला_अभ्यासक

ताई, आधी प्रश्नाच्या बाहेरचं, पण तातडीचं. त्या फ्रेमवाल्याला आजच फोन करा आणि थांबवा. हार्डबोर्डवर सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला कागद पुन्हा सुटत नाही. हार्डबोर्डमधलं आम्ल कागदात उतरतं, काही वर्षांत कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. आणि पाठीवरच्या पेन्सिलीच्या नोंदी कायमच्या झाकल्या जातील. तुमच्या वडिलांची रोजनिशीच आहे ती.

आम्लरहित माउंट बोर्ड मागवा. चित्राच्या फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायच्या आणि चित्र बोर्डावर टांगतं ठेवायचं. ही खळ पाण्याने सुटते. कागदाला थोडे बाक राहिले तर राहू देत. वर खिडकी कापलेला दुसरा माउंट हवाच, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. टेकली तर पावसाळ्यात दमटपणाने रंग काचेला धरतो. पुरात चिकटलेले कागद घरी सोडवत बसू नका, ते जाणकाराकडेच द्या. आणि दालनातले स्पॉटलाइट चित्रांवर जवळून मारू देऊ नका. पोस्टर कलरमधले गुलाबी आणि जांभळे लवकर उडतात.

काही करण्याआधी प्रत्येक चित्राचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

---

जुना_कुंचला

ताई, नमस्कार. मी एकतीस वर्षं बोर्ड रंगवले. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, मिरज. आता डोळ्यांमुळे बंद आहे. तुमचं लिहिणं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी नातवाला बसवून हे लिहून घेतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या त्या सरांना माझ्या वतीने एवढंच विचारा, की कोल्हापूरच्या चित्रकलेतून कमर्शियल काढून टाकलं तर उरतं कोण?

बाबूराव पेंटरांपासून धरा. आडनाव मेस्त्री, पण गावाने पेंटर केलं आणि तेच राहिलं. त्यांच्या घराण्यातले आनंदराव पेंटर आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. आता पडद्यावर काय असतं ते आठवा. जंगल, नदीकाठ, रस्ता, महाल, लांब डोंगर. म्हणजे आमच्या गावात निसर्गचित्र फ्रेमीत बसायच्या आधी पडद्यावर चढलं, आणि तिकीट काढलेल्या माणसांनी ते कंदिलाच्या आणि गॅसबत्तीच्या उजेडात बघितलं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही झाड झाडासारखं दिसलं पाहिजे, हा त्यातला धडा. आनंदराव १९१६ला गेले. बाबूरावांनी पुढे फिल्म कंपनी काढली, १९२०ला 'सैरंध्री' आणला. सेट त्यांचे, पोशाख त्यांचे, पोस्टरं त्यांनीच रंगवलेली. १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आजही जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत मानाने दाखवलं जातं. पुतळे त्यांनी केले, तैलचित्रं केली. यातलं कुठलं काम कलेचं आणि कुठलं पोटाचं, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?

दामले आणि फत्तेलाल याच पडद्यांच्या कामातून वर आले. १९२९ला प्रभात कंपनी कोल्हापुरातच उभी राहिली, तिच्यात हे दोघं होते. फत्तेलालांचे सेट बघताना मला नेहमी पडदाच आठवतो. उजेड कुठून येतो ते आधी ठरलेलं, भिंत मागाहून.

जी. कांबळे घ्या. आम्हा बोर्डवाल्यांचा देव. कोल्हापूरचा माणूस मुंबईला गेला, व्ही. शांतारामबापूंच्या राजकमल स्टुडिओसाठी रंगवलं, 'मुघल-ए-आझम'चे बोर्ड केले. आणि ज्यांच्या ब्रशाने सिनेमाचे बोर्ड केले त्यांनीच काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र शासनाने अधिकृत म्हणून मान्य केलं. सरकारी कचेरीत महाराजांना हात जोडताना कुणी विचारत नाही, की हा बोर्डवाला होता का.

आणि चंद्रकांत मांडरे. हे तुमच्या आप्पांच्या सगळ्यात जवळचे, म्हणून जरा जास्त सांगतो. १९१३चा जन्म, २००१ला गेले. लोकांना ते भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतले नट म्हणून माहीत. पण माणूस मुळात चित्रकार, बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेला. शूटिंगला जाईल तिथे कागद बरोबर. पावडर शेडिंग म्हणजे काय ते बघायचं असेल तर त्यांच्याच घरी जा. बारीक पूड कापसाने, बोटाने कागदावर फिरवत धुकं आणायचं, आणि एवढ्याशा करड्या रंगात सकाळ की संध्याकाळ ते कळलं पाहिजे. राजारामपुरी सातव्या गल्लीतलं 'निसर्ग' हे त्यांचं राहतं घर त्यांनी चित्रांसकट सरकारला दिलं, तिथे आता संग्रहालय आहे. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा बाकावर बसून राहिलो. आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर तोंड रंगवून पैसे मिळवले आणि ते पैसे डोंगर-ओढे काढण्यात घातले. त्यांना कुणी अर्धा चित्रकार म्हणालं नाही.

उलट्या टोकाला आबालाल रहिमान. ते मात्र बाजारात उतरले नाहीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून सुवर्णपदक घेऊन आले, शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार केलं. कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिले आणि पाणी, झाडं, उजेड एवढंच काढत बसले. तसं बसता आलं, कारण पाठीशी महाराज होते. १९२२ला महाराज गेले. त्यानंतर आबालालांनी दुःखाच्या भरात आपली हजारो चित्रं कोटितीर्थात टाकली, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात. १९३१ला ते गेले. ताई, तुमच्या आप्पांच्या पाठीशी कुठला महाराज होता? गूळवाला होता, तालीम होती, थिएटरचा मॅनेजर होता. हेच त्यांचे महाराज. ते गाळून प्रदर्शन केलंत तर लोकांना वाटेल, या माणसाला रविवार कुठूनतरी फुकट मिळत होता.

बरं, ही फूट पडली कधी? मुंबईत जे. जे.मध्ये कमर्शियलचा वेगळा विभाग १९३५ला सुरू झाला, १९६१ला तर वेगळी संस्थाच झाली. त्यातून फार मोठे लोक निघाले, त्याबद्दल मला आदरच आहे. पण तिथून पुढे पोरांना पहिल्याच वर्षी विचारायला लागले, तू पेंटिंगचा की अप्लाइडचा? आम्हाला असं कुणी विचारलं नाही. आम्हाला विचारायचे, अक्षर येतं का? चेहरा येतो का? मागचा डोंगर येतो का? तिन्ही येणाऱ्याला जास्त मजुरी, एवढाच आमचा विभाग.

आता कामाचं बोलतो. तुम्ही त्या संध्यामठाच्या खांबांचं जे लिहिलंय, एका खांबाला एकच हात, ते वाचून मी आप्पांना ओळखलं. बघितलं नसेल कधी, पण हात ओळखला. पाटीवर कान्याला दुसरा हात मारला की कड जाड होते, इनॅमल ओघळतो. म्हणून श्वास धरून एकदाच ओढायचं. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं, आणि ब्रश आपोआप सुटतो. हजारो कान्यांनंतर तो हात तयार होतो. कॉलेजमध्ये जलरंग शिकलेला पोरगा दोन वर्षं रडतो, की सर, माझा रंग चिवडला जातो. चिवडणारच, कारण त्याने कधी चुकली तर पुसून पुन्हा रंगवावी लागणारी पाटी केलेली नाही.

दुसरं. बोर्डवाला काम करताना दर दहा मिनिटांनी रस्त्यापलीकडे जातो आणि डोळे बारीक करून बघतो. डोळे बारीक केले की नाक, डोळा, बटण सगळं जातं, नुसते उजेडाचे आणि सावलीचे तुकडे राहतात. ते बसले की चेहरा बसला. तुमच्या आप्पांची चित्रं हातात धरून बघू नका. भिंतीला लावा, पंधरा फूट मागे जा आणि डोळे बारीक करा. माझा अंदाज आहे, तीन-चारच मोठे तुकडे दिसतील, आणि पहाट कुठली, दुपार कुठली ते तेवढ्यावर कळेल. तसं दिसलं तर तुमच्या सरांना तिथे उभं करा.

म्हणून माझं मत, एकत्रच लावा. पण एक भिंत पाट्यांची आणि एक भिंत चित्रांची असं नको. तसं केलंत तर जाणारा माणूस पाट्यांची भिंत सोडून पुढे जाईल. जोड्या लावा. गुऱ्हाळाच्या निसर्गचित्राशेजारी गुळाचं लेबल. त्यांच्या हातची पाटी कुठे अजून लटकत असेल तर तीन-चार दिवसांपुरती मागून आणा आणि रंकाळ्याशेजारी ठेवा. काना आणि खांब एका नजरेत आले पाहिजेत. काही लिहायला लागणार नाही.

आणि दुरून यायला जमलं तर मी येईन. नातू आणेल.

---

मडगावची_मुलगी

जुना_कुंचला काका, तुमचं वाचून आमच्या मडगावचे दीनानाथ दलाल आठवले. १९१६चा जन्म, जे. जे.ला शिकले, मुंबईत स्टुडिओ काढला आणि १९४५ला 'दीपावली' हा अंक सुरू केला. मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं म्हटलं की आमच्या घरात आजीपासून सगळ्यांना त्यांचंच नाव आठवतं. निसर्गचित्रंही ते काढायचे. १९७१ला, पंचावन्न वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा गेले. त्यांच्याबद्दलही लोक हळहळून म्हणतात, मुखपृष्ठांत वेळ गेला नसता तर केवढी चित्रं झाली असती. मला उलट वाटतं. वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकावर त्यांचं चित्र नसतं, तर माझ्यासारख्या मुलीला चित्र म्हणजे काय ते कुठे कळलं असतं? आमच्या गावात तेव्हा गॅलरी नव्हती. कोल्हापुरात किती मुलांनी तुमच्या आप्पांच्या पाट्यांवर अक्षरं गिरवली असतील, याचाही विचार करा.

---

कायद्याचं_बोलू

थोडंच लिहितो, पण प्रदर्शनाआधी हे माहीत असू द्या.

आप्पांनी स्वतःसाठी काढलेल्या निसर्गचित्रांचा कॉपीराइट त्यांचा. त्यांच्या मागे तो वारसांकडे येतो आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. २०१६ला गेले म्हणजे २०७६ संपेपर्यंत. पोस्टकार्डं, छोटी पुस्तिका, जे छापायचं ते तुम्ही सगळ्या वारसांच्या संमतीने छापू शकता.

कॅलेंडरची चित्रं वेगळी. १९५७च्या कायद्याच्या कलम १७प्रमाणे कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा. त्यामुळे घरी असलेली कॅलेंडरची मूळ चित्रं दालनात लावायला हरकत दिसत नाही, पण त्यांच्या छापील प्रती काढून विकू नका. आधी त्या छापणाऱ्याशी बोला. ती अकरा चित्रं न परतल्याचा मुद्दा निराळा आहे. छापायचा हक्क विकला म्हणजे चित्राचा कागद विकला असं आपोआप होत नाही. जुनी पावती, पत्र, काही मिळतं का बघा.

एक हक्क मात्र पैसे घेतले तरी जात नाही. चित्र आपलं आहे असं सांगण्याचा. कलम ५७. प्रदर्शनात त्या कॅलेंडरांखाली आप्पांचं नाव ठसठशीत लिहा.

---

गंगावेशकर_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले आठ दिवस काय काय झालं ते सांगते.

पेठेतला_अभ्यासक, तुमचं वाचलं त्याच दिवशी फ्रेमवाल्याकडे गेले. एक चित्र चिकटवून झालं होतं. प्रयाग चिखलीचा संगम, १९९४. दुसरं वाचलं. चिकटवलेल्याच्या पाठीवर काय लिहिलं होतं ते मी वाचलेलं नव्हतं, फोटोही नव्हता. फार वाईट वाटलं. आईला विचारलं, तिला एवढंच आठवतं की त्या दिवशी आप्पा उपाशी परतले, कारण भाकरीची पिशवी नदीच्या त्या काठावर राहिली. ते मी त्या चित्राखाली लिहिणार आहे. बाकी एकशे बेचाळीस चित्रांचे दोन्ही बाजूंचे फोटो आता झाले.

जुना_कुंचला काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. बाहेरच्या खोलीत १९८७चा संध्यामठ लावला आणि दारातून, पार रस्त्याच्या कडेला जाऊन डोळे बारीक करून बघितलं. तीनच तुकडे दिसले. वर फिकट, मध्ये काळपट पट्टा, खाली मध्यम उजेड. पहाट आहे हे तिथून कळलं. मी त्या चित्राजवळ बसून इतकी वर्षं खांब मोजत होते. भाऊ शनिवारी आला, त्यालाही उभं केलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग माळ्यावर चढला आणि स्वतःच कुस्तीच्या बोर्डांचे फोटो खाली घेऊन आला.

एक जोडी एकाच कागदाच्या दोन बाजूंना सापडली, जी लावायची म्हणजे टांगावीच लागणार. पुढे पन्हाळ्याच्या वाटेवरची बाभूळ, पावसाळी ढग. पाठीवर एका नटाच्या चेहऱ्यावर आखलेले चौकोन, फक्त एक डोळा आणि अर्धी भुवई पूर्ण केलेली. त्या डोळ्यातली चमक आणि ढगाखालची उजेडाची फट, दोन्हीकडे पांढरा तसाच टाकला आहे, कोरड्या ब्रशाने, जरा खरबरीत. हे चित्र दोन काचांमध्ये धरून दालनाच्या मधोमध तारेने टांगायचं आहे. अभ्यासक, यात काच चित्राला टेकू नये म्हणून कडेने काय घालू ते सांगा.

आणि पाटी मिळाली. काका, तुम्ही म्हणालात म्हणून गंगावेशीपासून रंकाळा स्टँडपर्यंत पायी फिरले. आप्पांच्या हातच्या तीन पाट्या अजून आहेत. दोन दुकानांच्या पाट्यांवर फ्लेक्स ठोकला आहे, त्या मालकांनी खिळे काढायला नको म्हणून सांगितलं. तिसरा एक धान्य दुकानदार. त्याने नाव विचारलं, म्हणाला, "पेंटरांची लेक का तुम्ही? न्या की." चार दिवसांसाठी देतो म्हणाला, पण पाचव्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत परत लावून द्यायची. फोटो काढायला म्हणून त्याच्या पोराने ती लगेच उतरवून दाखवली. १९८६ची पाटी. मागे कोपऱ्यात पेन्सिलीने आप्पांच्या अक्षरात "उरले ४०" लिहिलं आहे. पाटीखाली झाकलेली भिंत अजून तेव्हाच्या निळ्या चुन्याची आहे, भोवतालची सगळी धुरकट झाली आहे. दुकानदाराने तो निळा बघितला आणि म्हणाला, तुम्ही पाटी न्याल ते चार दिवस मी ही भिंत अशीच उघडी ठेवतो, वर काही लावत नाही.